ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांच्या गिअरपेटीतील तेल थंड कसे राखावे

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. काळ्या भारी जमिनीत तर आज ओल जास्त म्हणून औत चालत नाही आणि चार दिवसांनी ढेकळे घट्ट झाली म्हणून चालत नाही, अशी स्थिती असते. मधले जे दिवस मिळतात त्यांतच मशागत उरकून पेरणी साधावयाची असते. नेमक्या याच दिवसांत गावातील एखादा ट्रॅक्टर किंवा रोटाव्हेटर बांधाला उभा राहतो. इंजिन व्यवस्थित चालू असते. परंतु गिअरपेटीतून कडकड असा आवाज येतो आणि पेटी उघडली असता दात्यांचे तुकडे तेलात पडलेले सापडतात. सुटा भाग जवळपास मिळत नाही, कारागीर दुसऱ्याच्या कामात गुंतलेला असतो, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही.

अशा वेळी "गिअर अचानक तुटला" असे सांगण्यात येते. दगडावर किंवा जाड मुळावर अवजार आदळून दाते मोडल्याची उदाहरणे सोडली, तर गिअर सहसा अचानक तुटत नाही. त्यापूर्वी कित्येक दिवस त्यातील तेल तापत असते. तापलेले तेल पातळ होते, पातळ तेल दात्यांवर टिकत नाही, दाते एकमेकांवर घासू लागतात, त्या घर्षणाने तेल आणखी तापते, आणि हे चक्र शेवटी तुटलेल्या दात्यापाशी येऊन थांबते.

इंजिनाचे पाणी तापले तर चालकासमोरील काटा वर चढतो आणि तो सावध होतो. गिअरपेटीकरिता मात्र बहुतेक ट्रॅक्टरांवर असा काटा नसतो. रोटाव्हेटरवर तर तो नसतोच. तेथे काट्याचे काम शेतकऱ्याच्या हाताला, डोळ्यांना आणि नाकाला करावे लागते. ते कसे करावे आणि तेल तापूच नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती पुढे दिली आहे.

तेलाचे काम

बैलगाडीच्या आखाला ओंगण घातल्याशिवाय जुना गाडीवान दूरच्या वाटेला निघत नसे. ओंगण सुकले की चाक करकरू लागते आणि आख हाताला गरम लागतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. गिअरपेटीतील तेल हे यंत्राचे ओंगणच होय. परंतु त्याला ओंगणापेक्षा अधिक कामे करावी लागतात.

पहिले काम, दात्यांमध्ये व बेअरिंगमध्ये पातळ थर धरून धातूला धातू लागू न देणे. दुसरे काम, घर्षणाने झिजलेले सूक्ष्म कण वाहून नेऊन पेटीच्या तळाशी बसू देणे. तिसरे काम, दात्यांजवळ निर्माण झालेली उष्णता उचलून पेटीच्या बाहेरील भिंतीपर्यंत पोहोचविणे. भिंत ती उष्णता हवेला देते. या तिसऱ्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि पहिली दोन कामे तर त्यावरच अवलंबून असतात.

उष्णता येते कोठून

दंतचक्रांची एक जोडी आपल्याकडे आलेल्या शक्तीपैकी शंभरातील एक-दोन भाग घर्षणात गमावते. ट्रॅक्टरमध्ये इंजिनापासून चाकापर्यंत अशा अनेक जोड्या असतात. समजा, ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमधून ४० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३० किलोवॅट शक्ती गिअरांतून जात आहे, आणि तिच्यापैकी शेकडा ५ भाग घर्षणात जातात. याचा अर्थ दीड किलोवॅट शक्तीची उष्णता झाली. घरी बादलीतील पाणी तापविण्यासाठी जो विजेचा रॉड वापरतात तो साधारणतः एवढ्याच शक्तीचा असतो. असा एक रॉड गिअरपेटीतील तेलात बुडवून दिवसभर चालू ठेवला आहे, अशी कल्पना केली म्हणजे तेलावर काय प्रसंग येतो हे ध्यानात येईल.

ही उष्णता पेटीच्या भिंतीतून बाहेर पडते. भिंत आणि बाहेरील हवा यांच्या तापमानात जेवढे अंतर, तेवढी उष्णता अधिक वेगाने निघते. पहाटे हवा २५ अंश सेल्सिअस असताना सारख्या कामात पेटी ७५ अंशांवर स्थिर होत असेल, तर दोहोंत ५० अंशांचे अंतर आहे. विदर्भात व मराठवाड्यात वैशाखातील दुपारी हवा ४५ अंशांपर्यंत जाते. तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी ५० अंशांचे अंतर पुन्हा हवेच. म्हणून स्थूलमानाने तीच पेटी ९५ अंशांपर्यंत चढते. काम तेच, तेल तेच, यंत्र तेच. केवळ वेळ बदलली.

बैलांनी नांगरट करणारे शेतकरी उन्हाळ्यात भल्या पहाटे औत जुंपीत आणि ऊन तापले की बैल सोडीत. ट्रॅक्टर धापा टाकीत नाही म्हणून त्याला दुपार लागत नाही, असा समज करून घेणे योग्य नव्हे.

तेल तापल्याने होणारे नुकसान

पहिले नुकसान म्हणजे तेल पातळ होणे. गिअरपेटीत सर्रास वापरले जाणारे ९० क्रमांकाचे तेल ४० अंशांवर जेवढे घट्ट असते, त्याच्या सुमारे एक दशांश घट्टपणा त्यात १०० अंशांवर उरतो. तेल एवढे पातळ झाले की दात्यांमधील थर ताणाखाली फाटतो.

दुसरे नुकसान म्हणजे तेलाचे आयुष्य घटणे. तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, काळे पडते, आंबूस होते आणि त्यात चिकट गाळ तयार होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की ही क्रिया अंदाजे दुपटीने वाढते, असा वंगणशास्त्रातील ढोबळ नियम आहे. वरील उदाहरणात पेटी ७५ अंशांवरून ९५ अंशांवर गेली. म्हणजे तेल चौपट वेगाने जुने होऊ लागले. साधे खनिज तेल ९० ते ९५ अंशांपलीकडे दीर्घकाळ ठेवणे हितावह नसते.

तिसरे नुकसान रबरी सीलांचे. सततच्या उष्णतेने सीलाची ओठासारखी मऊ कड कडक होते व तिला चिरा पडतात. मग तेथून तेल बाहेर झिरपते, आणि माती व पाणी आत शिरते. तेल कमी झाले की उरलेले तेल आणखी तापते.

नेहमी घडणारी गोष्ट

समजा, रोटाव्हेटरच्या गिअरपेटीखाली संध्याकाळी तेलाचा रुपयाएवढा डाग पडलेला चालकाला दिसला. मालक म्हणाला, पेरण्या होऊ द्या, मग सील बदलू. दुसऱ्या दिवशी डाग तळहाताएवढा झाला. तिसऱ्या दिवशी डाग पडलाच नाही. चालकाला वाटले, गळती आपोआप थांबली. वस्तुतः तेलाची पातळी सीलाच्या खाली गेली होती, म्हणून गळण्यास काही उरले नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी करकर सुरू झाली, आणि तास-दीड तासात मुख्य जोडीचे दाते गेले.

एक सील आणि थोडेसे तेल यांच्या खर्चाऐवजी आता गिअरांची जोडी, बेअरिंगे आणि कारागिराची मजुरी एवढा खर्च आला. त्याहून मोठी हानी म्हणजे ज्या शेतकऱ्यांनी भाडे ठरवून आपली पाळी धरली होती, त्यांचा वाफसा गेला. गळती थांबली की आनंद मानण्यापूर्वी पातळी पाहावी, हा धडा या उदाहरणातून घ्यावयाचा आहे.

तेल तापण्याची कारणे व उपाय

१. तेलाची पातळी. तेल कमी असले तर दाते कोरडे पडतात, हे सर्वांना माहीत असते. परंतु जास्त तेलही तितकेच वाईट, हे पुष्कळांना माहीत नसते. पातळी खुणेपेक्षा वर गेली की चक्रे तेलात खोल बुडून ते घुसळू लागतात. रवीने ताक घुसळल्याप्रमाणे त्याला फेस येतो. फेस म्हणजे हवा, आणि हवेने वंगण होत नाही. घुसळण्यात शक्ती खर्च होऊन तेल आणखी तापते ते वेगळेच. म्हणून "दोन लिटर जास्त असलेले बरे" असे म्हणू नये. पातळी नेहमी सपाट जागी, यंत्र थंड असताना व अवजार जमिनीवर टेकवून पाहावी. डिपस्टिक असेल तर ती पुसून पुन्हा बुडवावी. पातळीचे बूच असेल तर तेल बुचाच्या खालच्या कडेपर्यंत आलेले असावे.

२. तेलाची जात. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ज्या प्रतीचे तेल सांगितले असेल तेच वापरावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या तिघांसाठी एकच तेल असते. त्यात केवळ गिअरसाठी असलेले घट्ट तेल भरल्यास हायड्रॉलिक जड चालते आणि ब्रेक नीट लागत नाहीत. रोटाव्हेटरच्या पेटीत बहुधा घट्ट, अति दाब सोसणारे गिअर तेल लागते. त्यात इंजिनाचे जुने काळे तेल ओतणे म्हणजे गिअर आपल्या हाताने झिजविणे होय. दोन जातींची तेले एकत्र करू नयेत.

३. पेटीवरील माती व काडीकचरा. पेटीची भिंत हेच तिचे थंड होण्याचे साधन आहे. तिच्यावर चिखलाचा व भुसकटाचा थर वाळून बसला की ती घोंगडी पांघरल्यासारखी होते. दर संध्याकाळी, पेटी निवल्यावर, लाकडी पट्टीने व कुंच्याने थर काढून टाकावा. ज्या ट्रॅक्टरांना तेल थंड करण्याची वेगळी जाळी रेडिएटरच्या पुढे बसविलेली असते, तेथे मळणीच्या दिवसांत कोंडा अडकतो. ही जाळी आतून बाहेरच्या दिशेने हवेने वा मंद पाण्याने साफ करावी. पाण्याचा जोराचा झोत मारल्यास पातळ पत्रे वाकतात व वाट बंद होते.

४. हवा खेळविणारे छिद्र. पेटीच्या वरच्या बाजूस एक लहान छिद्र किंवा टोपीचे बूच असते. कारागीर त्याला ब्रीदर म्हणतात. तेल तापले की आतील हवा फुगते व येथून बाहेर पडते. हे छिद्र मातीने बुजले तर आत दाब साचतो आणि तेल सीलांतून बाहेर ढकलले जाते. नवे सील बसवूनही तेल गळत असेल, तर दुसरे सील आणण्यापूर्वी हे छिद्र पाहावे.

५. हायड्रॉलिकचा दांडा. उलटणारी ट्रॉली पूर्ण वर गेल्यावरही चालक दांडा ओढून धरतो किंवा उचलता न येणारे ओझे उचलण्याचा आग्रह धरतो. अशा वेळी जी घरघर ऐकू येते, ती दाब सोडणारी झडप उघडल्याची खूण आहे. मिनिटाला २५ लिटर तेल १५० बार दाबाने त्या झडपेतून जात असेल, तर सुमारे ६ किलोवॅट शक्ती निव्वळ उष्णतेत जाते. वर सांगितलेल्या गिअरच्या उष्णतेच्या ही चौपट झाली. ज्या ट्रॅक्टरात हायड्रॉलिकचे व गिअरचे तेल एकच असते तेथे ही सर्व उष्णता गिअरांनाही भोगावी लागते. घरघर ऐकू येताच दांडा सोडावा.

६. ब्रेक. पायाखाली ब्रेकचे पेडल दाबून ठेवण्याची सवय, किंवा हातब्रेक पुरता न सोडता निघणे, यांमुळे तेलात बुडालेले ब्रेक सतत घासतात व तेल तापवितात. पेडलला पुस्तिकेत सांगितलेली मोकळीक असावी.

७. अवजारावरील भार. रोटाव्हेटरची पाती झिजून बोथट झाली, वा पहिल्याच फेरीत पूर्ण खोली धरली, तर तेवढ्याच जमिनीस अधिक शक्ती लागते. कडक जमीन दोन उथळ फेऱ्यांत फोडावी. बांधाशी वळताना पी.टी.ओ. बंद करून मगच रोटाव्हेटर उचलावा. चालू स्थितीत उंच उचलल्यास जोडदांड्याचा कोन वाढतो, त्याला हिसके बसतात आणि ते हिसके दोन्ही पेट्यांतील बेअरिंगांना सोसावे लागतात. पी.टी.ओ.ची गती अवजारास सांगितली असेल तेवढीच ठेवावी; ५४० फेऱ्यांचे अवजार अधिक वेगाने चालवू नये.

८. ऊस-वाहतूक. साखर कारखान्यांच्या परिसरात दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर धावतात. मर्यादेबाहेर भरलेली ट्रॉली चढावर ओढताना मागील आसाची पेटी अतिशय तापते. भार मर्यादेत ठेवावा, चढाला योग्य तो खालचा गिअर आधीच घ्यावा, आणि डिफरन्शियल लॉक पक्क्या रस्त्यावर मुळीच लावू नये. तो चिखलात एक चाक घसरू लागले तर तेवढ्यापुरता वापरावयाचा असतो.

चिखलणीच्या वेळी विशेष दक्षता

कोकणात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भातपट्ट्यात चिखलणीच्या वेळी तेलाला उष्णतेबरोबर पाण्याचाही धोका असतो. याचे कारण साधे आहे. भाताच्या खाचरापर्यंत यंत्र काम करीत अथवा लांबून धावत आलेले असते. पेटी तापलेली असते व आतील हवा फुगून काही बाहेर गेलेली असते. अशी पेटी एकदम थंड पाण्यात शिरली की आतील हवा आकसते व पेटी बाहेरून श्वास ओढून घेते. त्या वेळी सीलाची कड किंवा हवेचे छिद्र पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी गढूळ पाणी आत जाते. समुद्रकिनाऱ्यावर होडी पाण्यात सोडताना गाडीची तापलेली चाके पाण्यात बुडतात व त्यांच्या बेअरिंगांत याच कारणाने पाणी शिरते. शेतातील यंत्राची गोष्ट निराळी नाही.

यास्तव खाचरात उतरण्यापूर्वी यंत्र बांधावर उभे करून पेटी हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्यावी. हवेचे छिद्र पाण्याच्या पातळीच्या वर राहील हे पाहावे. रोटाव्हेटरच्या दोन्ही टोकांच्या सीलांना भाताचा पेंढा अथवा गवत गुंडाळले जाते; ते दर काही फेऱ्यांनी, पी.टी.ओ. व इंजिन बंद करून, विळ्याने कापून काढावे.

पाणी मिसळलेले तेल दुधाळ, राखाडी दिसते. असे तेल एक दिवसही पेटीत ठेवू नये. पाण्यामुळे तेलाचा थर तुटतो, बेअरिंगांवर गंज चढतो आणि पेटी पुन्हा तापू लागते.

उष्णतेची परीक्षा

कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी इंजिन बंद करावे, पी.टी.ओ. सोडवावा, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि फिरणारे सर्व भाग थांबल्याची खात्री करावी.

हाताची परीक्षा: प्रथम तळहात पेटीजवळ धरून धग पाहावी, मग बोटांची मागील बाजू क्षणभर टेकवावी. सुमारे ५० अंशांपर्यंत हात काही वेळ ठेवता येतो. ६० अंशांच्या आसपास तो काही सेकंदांतच उचलावा लागतो. कामाच्या भरात पेटी ६० अंशांपलीकडे जाणे हा दोष नव्हे. महत्त्व आहे ते तुलनेला. रोज तेवढ्याच कामानंतर पेटी कशी लागते याची सवय ठेवावी; काल बोट टेकविता येत होते आणि आज येत नाही, एवढा फरकच पुरेसा इशारा आहे. रोटाव्हेटरवर मधली पेटी व बाजूची पेटी यांची तुलनाही करावी.

थेंबाची परीक्षा: पाण्याचा एकच थेंब पेटीवर सोडावा. तो हळूहळू सुकला तर ठीक. चुरचुर करून उडून गेला, तर भिंत १०० अंशांवर पोहोचली आहे. काम तत्काळ थांबवावे.

यंत्राची परीक्षा: दुरून उष्णता मोजणारी, पिस्तुलाच्या आकाराची तापमापके आता सहज मिळतात. अवजार बँकेने किंवा शेतकरी गटाने असे एक तापमापक ठेवणे फायद्याचे ठरते. मोजताना दरवेळी पेटीवरील एकच रंगाची खूण केलेली जागा घ्यावी; चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचे माप दाखविते.

नाकाची व कानाची परीक्षा: जळकट वास, गिअरचा नेहमीपेक्षा उंच चढलेला सूर, गिअर पडताना जाणवणारा अडथळा, या खुणा तेल बिघडल्याच्या आहेत.

पेटी तापल्यास काय करावे

भार काढून यंत्र सावलीत, सपाट जागी उभे करावे. इंजिनही तापलेले असेल तर ते मंद गतीवर थोडा वेळ चालवून मग बंद करावे. पेटीवर थंड पाणी ओतण्याचा मोह टाळावा. बिडाची भिंत एकाएकी आकसून तडकण्याचा संभव असतो, आणि चिखलणीविषयी सांगितल्याप्रमाणे पेटी पाणी आत ओढून घेते. तापलेल्या पेटीचे बूचही घाईने उघडू नये. आत दाब असल्यास गरम तेल अंगावर उडते.

पेटी निवल्यावर पातळी, रंग, वास, हवेचे छिद्र व सील या क्रमाने पाहणी करावी. पातळी कमी असल्यास भरावी, परंतु ती का कमी झाली याचे कारण सापडल्याशिवाय पुन्हा पूर्ण भाराने काम सुरू करू नये.

तेल बदलणे

किती तासांनी तेल बदलावे हे पुस्तिकेत दिलेले असते. नव्या यंत्रात दाते एकमेकांस रुळताना धातूचा चुरा अधिक निघतो, म्हणून पहिले तेल लवकर बदलावयाचे असते. जे यंत्र सतत उन्हात, चिखलात अथवा जड वाहतुकीत वापरले जाते, त्याचे तेल नेमून दिलेल्या मुदतीच्या आधी बदलणे शहाणपणाचे ठरते. यंत्र थोडे चालवून तेल कोमट झाल्यावर ते काढावे, म्हणजे गाळही त्याबरोबर निघून येतो.

तेल काढण्याच्या बुचाला बहुधा लोहचुंबक असते. त्यावर बारीक, काळपट, लोण्यासारखा थर असला तर ती नेहमीची झीज समजावी. परंतु बोटाला टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे अथवा दात्याचा तुकडा आढळल्यास नवे तेल भरून यंत्र चालवू नये. आधी पेटी उघडून पाहावी. काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात अथवा बांधावर ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडेच द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सांगून जेवढा पटतो त्याहून अधिक दाखवून पटतो. शेतकऱ्यांच्या बैठकीत पुढील दोन प्रयोग सहज करता येतील.

पहिला प्रयोग: दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत सारखेच गिअर तेल थोडी जागा सोडून भरावे व बुचे घट्ट लावावीत. एक बाटली थंड पाण्यात व दुसरी, आधी कोमट पाण्यात ठेवून, मग गरम पाण्यात ठेवावी. थोड्या वेळाने दोन्ही पुसून एकदम आडव्या कराव्यात. थंड तेल सावकाश सरकते, गरम तेल पाण्यासारखे धावते. दात्यावर कोणते टिकेल, हे शेतकरी स्वतःच सांगतील.

दुसरा प्रयोग: एक रिकामी बाटली कोमट पाण्याने चांगली ऊबदार करून रिकामी करावी व तिचे तोंड थंड पाण्याच्या घमेल्यात उपडे बुडवून धरावे. बाटली निवू लागताच पाणी आपोआप तिच्या गळ्यात वर चढते. तापलेली पेटी खाचरात काय करते, ते यावरून प्रत्यक्ष दिसते.

भाड्याने दिल्या जाणाऱ्या यंत्रांकडे विशेष लक्ष पुरवावे. अशा यंत्रावर चालक बदलतो, शेत बदलते, आणि "तेल कोणी पाहिले" या प्रश्नाला उत्तर नसते. प्रत्येक यंत्राबरोबर एक वही ठेवण्याचा आग्रह धरावा. तीत तारीख, कामाचे तास, तेलाची पातळी, पेटीची उष्णता आणि आढळलेली गळती एवढ्या पाच गोष्टी रोज लिहिल्या तरी पुष्कळ नुकसान टळेल.

वेळापत्रक

दररोज काम सुरू करण्यापूर्वी: यंत्राखाली तेलाचा डाग आहे का ते पाहणे, पातळी पाहणे, हवेचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करणे.

दररोज दुपारी व सायंकाळी: पेटीची उष्णता तपासणे, निवल्यावर माती व पेंढा काढणे.

दर आठवड्यास: सील, बुचे व पेटीचे बोल्ट तपासणे; तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन रंग व कण पाहणे.

हंगामापूर्वी: मुदत भरली असल्यास तेल बदलणे, कडक झालेली सीले बदलणे, बोथट पाती बदलणे, एक जादा सील व थोडे योग्य जातीचे तेल घरी ठेवणे.

हंगामानंतर: चिखलात वापरलेल्या यंत्राचे तेल तपासणे व दुधाळ असल्यास काढून टाकणे, कारण पाणी मिसळलेले तेल तसेच राहिल्यास यंत्र उभ्या उभ्या गंजते.

वरील दक्षतेसाठी मोठा खर्च येत नाही. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात. जो शेतकरी सकाळी यंत्राखाली वाकून जमिनीवरील डाग पाहतो आणि दुपारी पेटीला बोट लावून तिची धग जाणतो, त्याचा ट्रॅक्टर वाफशाच्या दिवशी बांधाला उभा राहण्याचा प्रसंग क्वचितच येईल. पेटीला काटा नाही, ही उणीव त्याच्या नित्याच्या सवयीने भरून निघते.